कुन्याप्यांचे पुडके

बारा वाजायला दहा मिनिटे असताना पुएर्तो अल्मेन्द्रोच्या विमानतळावरील मनोऱ्यात रेडिओवर आधी धप्प असा आवाज झाला आणि मग कॅप्टन निकानोर मेल्गार बोलू लागले.

"राहू दे ते पुडकं इथंच. आतले कुन्यापे फुटतील."

"फुटतात कसले, कॅप्टन!" सहवैमानिक मिर्था म्हणाली. "धोंडे आहेत नुसते. मघाशी एक चाखला, तर दाढ हलली माझी."

नियंत्रक एलेउतेरिओ रोका यांनी कपाळाला हात लावला. विमानातल्या जुन्या हातमायक्रोफोनवर पुडके ठेवले गेले होते आणि त्याच्या भाराने बटण दाबले गेले होते. ते तसे असेपर्यंत त्या विमानाला काही ऐकू जाणार नव्हते आणि इतर कोणाला बोलताही येणार नव्हते. कॅप्टनचे खासगी बोलणे मनोरा ऐकत होता, पाठीमागचे मालवाहू विमान ऐकत होते, नदीपलीकडचे फवारणीचे विमानही ऐकत होते.

आणि पुडके कुन्याप्यांचे होते! चीजचे ते गरम गोळे कॅप्टनची पत्नी देल्मिरा वीस वर्षे दुपारच्या विमानाने मनोऱ्यासाठी पाठवीत असे. एलेउतेरिओ त्यांच्या मुलीचे बाप्तिस्म्यातले धर्मपिता, म्हणून दोघे पुरुष एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. सात महिन्यांपूर्वी देल्मिरा गेली. एलेउतेरिओ दफनाला गेले नाहीत. बदली माणूस नव्हता, असा निरोप त्यांनी धाडला. तेव्हापासून दोघांत केवळ वारा, उंची आणि धावपट्टी एवढेच बोलणे उरले होते.

"मी स्वतः भाजलेत त्याच्यासाठी," कॅप्टन सांगत होते. "आज त्यानं एकदा 'कोंपाद्रे' म्हटलं, तर जिना चढून हातात देईन. नुसता विमानाचा नंबर म्हणाला, तर पुडकं नदीत, आणि सोमवारपासून मी दुसऱ्या मार्गावर. अर्ज खिशातच आहे. पुन्हा या गावाचं तोंड बघणार नाही."

एलेउतेरिओंनी मायक्रोफोनवर झडप घातली. "कोंपाद्रे! अरे, कोंपाद्रे!"

"त्यापेक्षा खिडकी उघडून ओरडा, तेच बरं," दुपारपाळीसाठी नुकत्याच आलेल्या नियंत्रक दोन्या एल्व्हा म्हणाल्या.

"बघ," कॅप्टन म्हणाले, "दोनदा हाक मारली, हूं नाही की चूं नाही."

"जेवत असतील."

"जेवतोय कसला! तोंड फुगवून बसलाय. त्या दिवशी बदली माणूस होता, पोरी. हजेरीवही बघितली मी. देल्मिराला मीच आणत होतो, मागे पेटीत. पाऊस असा, की धावपट्टी दिसेना. यानंच बोट धरून उतरवलं आम्हाला. आणि मग खाली आला नाही. एकवीस पायऱ्या उतरायच्या होत्या फक्त."

"तेवीस," एलेउतेरिओ पुटपुटले.

त्या दिवशी ते वरून अकराव्या पायरीपर्यंत उतरले होते. तिथून त्यांना पेटी दिसली, आणि अंधार पडेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. रडू आवरले नाही असे सांगण्यापेक्षा खोटे सांगणे त्यांना अधिक अब्रूचे वाटले. पुरुषांची अब्रू अशा विचित्र जागी असते.

"दिवा!" दोन्या एल्व्हा कडाडल्या. "दिवा दाखवा त्यांना!"

रेडिओ बंद पडलेल्या विमानांसाठी ठेवलेला दिवा कपाटातून निघाला. त्याच्यावरची धूळ बाहीने पुसून एलेउतेरिओंनी हिरवा प्रकाश विमानावर रोखला. हिरवा म्हणजे 'उतरा'. 'कोंपाद्रे' या शब्दासाठी त्यात रंग नव्हता.

"शाबास!" कॅप्टन गरजले. "आता तोंडही उघडवत नाही याला! दिवा दाखवतोय मला! मी काय फवारणीवाला आहे?"

"कॅप्टन," मिर्था सावकाश म्हणाली, "रेडिओ बंद असला की दिवा दाखवतात ना? ते पुडकं... कशावर ठेवलंय आपण?"

पुडके उचलल्याची खुडबुड झाली. बटण सुटले आणि रेडिओ मोकळा झाला.

"मनोरा," मालवाहू विमानाचा वैमानिक हलकेच म्हणाला, "आम्हाला घाई नाही. आधी तेवढं म्हणून टाका."

"फवारणीवाल्यालाही घाई नाही," नदीपलीकडून आवाज आला.

एलेउतेरिओंनी बटण दाबले. "चार-एक-दोन," ते सवयीने म्हणाले, आणि दोन्या एल्व्हांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या शब्दाऐवजी एलेउतेरिओंना रडूच फुटले. अंगठा मात्र बटणावरच राहिला, आणि त्या मुलखाच्या आकाशात एका म्हाताऱ्या माणसाचे हुंदके पसरले. आता उत्तर देता न येण्याची पाळी कॅप्टनवर आली.

विमानाने उजवा पंख झुकवला, मग डावा. दिवसा दिवा पाहिल्याची नियमातली खूण तीच आहे. एकोणीस प्रवाशांनी केलेला आकांत नियमात नव्हता.

दोन्या एल्व्हांनी तो अंगठा उचलून बाजूला केला. "जा खाली, एलेउतेरिओ. बदली माणूस हजर आहे. त्या दिवशीही मीच होते."

विमान उतरले, आणि एलेउतेरिओ जिन्यात आले तेव्हा अकराव्या पायरीवर कॅप्टन धापा टाकत बसले होते, मांडीवर पुडके.

"नंबर म्हणालास तू."

"म्हणालो."

"नदीत टाकणार होतो. पण उगाच मासे मेले असते." कॅप्टनने जागा करून दिली. "पायऱ्या तेवीस आहेत रे."

"माहीत आहे. ही अकरावी. त्या दिवशी इथवर आलो होतो मी, कोंपाद्रे."

 कॅप्टनने पुडके उघडले.

"ती यांत काय घालायची, ठाऊक आहे तुला?"

"मी नुसता खायचो. तुला?"

"मी नुसता पोचवायचो."

दोघांनी एकेक कुन्यापा तोंडात धरला. तो चावता येण्याजोगा नव्हता. नरम पडेपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती होते, आणि तोवर बोलण्याची कोणावरच सक्ती नव्हती.