साळूबाईने शाळा निवडली

बाळांनो, चुळबुळ थांबवा आणि ऐका. एका जंगलात एकच शाळा होती. ती उंबराखाली भरायची आणि बरीचशी झोपेतच सुटायची.

कारण तिथले गुरुजी होते कासव. त्यांना सगळे ढालगुरुजी म्हणत. "आज आपण फास ओळखायला शिकू," एवढं म्हणून ते मान आत घ्यायचे. मान बाहेर यायची ती शाळा सुटतानाच. मुलं तोवर उंबरं खात बसायची.

फास म्हणजे शिकाऱ्यांनी पायवाटेवर लावलेले दोरीचे फास. साळूबाई नावाच्या साळिंदरीला त्यांची फार धास्ती होती. तिचा नवरा काटेराव एकदा फासात अडकला होता. कसाबसा सुटला, पण तेव्हापासून लंगडत होता. आपला टोचू तरी फास ओळखायला शिकावा, एवढंच तिचं मागणं होतं.

"तुम्हीच शिकवा ना त्याला," ती नवऱ्याला म्हणायची.

"मला ओळखता आला असता तर मी अडकलो असतो का?" काटेराव म्हणायचा.

जंगलाचे राजे होते गवेमहाराज. ते न्यायी होते आणि पालकांच्या तक्रारींनी वैतागलेही होते. त्यांनी दवंडी पिटवली. "आजपासून कोणीही शाळा काढावी! आईबापांनी हवी ती शाळा निवडावी! चांगल्या शाळा वाढतील, वाईट बंद पडतील! कोणती चांगली, ते शर्यतीत कळेल!"

दवंडी ऐकून ढालगुरुजींची झोप उडाली. खरंच उडाली! त्यांनी पाठ घासूनपुसून लख्ख केली आणि काही दिवस मान बाहेर ठेवून शिकवलं. निवडीचा तेवढा फायदा झाला, हे मान्य करायला हवं.

मग ओढ्यापलीकडे कोल्हेसरांनी शाळा काढली. कमानीला मोरपिसं, मुलांना पळसाच्या पानांचे गणवेश आणि दाराशी मुलाखत. साळूबाई टोचूला न्हाऊमाखू घालून घेऊन गेली.

"पालक काय करतात?" कोल्हेसरांनी विचारलं.

"आम्ही कंद खणतो."

"घरी वातावरण आहे का?"

"आहे की. बिळात छान गार असतं."

कोल्हेसर खाकरले. "मुलाला पळता येतं?"

"बेताचंच. त्यासाठीच तर शाळेत घालायचंय."

"बाई, ज्यांना पळता येतं त्यांनाच आम्ही पळायला शिकवतो."

"आणि फास ओळखायला?"

"शर्यतीत फास कुठे असतात?"

"पण सर, मी तुमची शाळा निवडलीय. दवंडीत तसंच सांगितलं होतं."

"उत्तम केलंत!" कोल्हेसर खूश होऊन म्हणाले. "तुम्ही शाळा निवडायची, आम्ही मुलं निवडायची. म्हणजे निवड सगळ्यांनाच! शिवाय याचे काटे पाहा. गणवेशाची चाळण होईल."

टोचू परत उंबराखाली आला. तिथे आता उरलेसुरले होते. एक रानडुकराचं पिल्लू, ते गिरवता गिरवता भटकायला जायचं. एक खवलेमांजराची मुलगी, तिला प्रश्न विचारला की ती गोल गुंडाळी करून बसायची. असेच आणखी काही. ससे, भेकरं, चितळं सगळी ओढ्यापलीकडे गेली होती.

शर्यत झाली. कोल्हेसरांच्या मुलांनी सगळी बक्षिसं नेली. "काय शिकवतात हो!" असं जो तो म्हणू लागला. ढालगुरुजींनी हाय खाल्ली आणि मान पुन्हा आत घेतली.

साळूबाईला काही हे पटेना. ती थेट गवेमहाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, ससा कोल्हेसरांकडे जायच्या आधी काय करायचा?"

"पळायचा," महाराज म्हणाले.

"आणि आता?"

"पळतो." महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग हुकूम दिला, "मुलं जागच्या जागी राहू देत. मास्तरांची अदलाबदल करा! पुढच्या शर्यतीत पाहू."

ढालगुरुजी मोरपिसांच्या कमानीखाली पोहोचले. त्यांनी "पळा" म्हटलं. मुलं पळाली. गुरुजींना फार बरं वाटलं आणि ते झोपले.

इकडे उंबराखाली कोल्हेसर ओरडले, "पळा!" डुकराचं पिल्लू भलतीकडेच गेलं. खवलेमांजरीची गुंडाळी झाली. टोचू चार पावलं पळाला आणि घाबरून काटे फुलवून थांबला. कोल्हेसरांना त्यांना मुलाखतीत नापासही करता येईना, कारण ती आधीच शाळेत होती.

पहिले काही दिवस त्यांनी आरडाओरडा केला. त्याने गुंडाळी आणखी घट्ट झाली. शेवटी कोल्हेसरांनी कधी न केलेली गोष्ट केली. ते मुलांजवळ बसले आणि हळू आवाजात विचारलं, "बरं, तुम्हाला काय शिकायचंय?"

गुंडाळी जरा सैल झाली. टोचू म्हणाला, "फास."

आता फासांबद्दल कोल्ह्याला विचारायला हवं का? सर स्वतः कितीतरी फासांतून निसटले होते. त्यांनी मुलांना वाटेवर नेलं. वाकवलेली फांदी कशी दिसते ते दाखवलं. माणसाच्या हाताचा वास दोरीला कसा राहतो, ते हुंगायला लावलं. मग वेलीचा खोटा फास लावला आणि टोचू सरळ त्यात गेला.

टोचू रडायलाच लागला. "मी बाबांसारखाच आहे."

"मीही पहिल्यांदा असाच अडकलो होतो," कोल्हेसर म्हणाले. "चल, पुन्हा."

ज्या दिवशी टोचूने खोटा फास लांबूनच ओळखला, त्या दिवशी कोल्हेसर घरी जाताना चक्क गुणगुणत होते. का, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

शर्यतीचा दिवस उजाडला. शिंग वाजलं. ससे आणि चितळं सुसाट सुटली. त्यांच्या मागोमाग भेकराची मुलगी टिपरी होती. वळणावर तिचा पाय कशात तरी अडकला. कशात तरी कसला, फासातच अडकला! ती तडफडू लागली. मागून येणारे एकमेकांवर आदळणार, इतक्यात सगळ्यांत मागून येणारा टोचू लांबूनच ओरडला, "थांबा! पुढे आणखी एक आहे. डावीकडून जा!"

सगळे डावीकडून गेले. टोचू मात्र टिपरीजवळ थांबला.

"हलू नकोस. हललीस की आवळतो," तो म्हणाला. साळिंदराचे दात ते! कुरतड कुरतड कुरतडून त्याने दोरी तोडली. सुटल्याबरोबर टिपरी वाऱ्यासारखी पळाली आणि बऱ्याच जणांना मागे टाकून गेली. टोचू दमून, तोंडात दोरीचे धागे घेऊन शेवटचा पोहोचला.

सगळी बक्षिसं ढालगुरुजींना मिळाली. भेकरबाई आनंदाने सांगत सुटली, "काय गुरुजी आहेत! माझी मुलगी फासात अडकली, तरी तिचा नंबर आला!"

संध्याकाळपर्यंत मोरपिसांच्या कमानीबाहेर पालकांची रांग लागली. ढालगुरुजींनी डोळे मिटूनच मुलाखती सुरू केल्या. "पळून दाखव. छान. पुढचा."

नियमाप्रमाणे उंबराखालची शाळा बंद झाल्याचं महाराजांनी जाहीर केलं. कोल्हेसर शेपूट पायात घालून बसले होते. तेवढ्यात साळूबाई आली. मागे लंगडत काटेराव होता आणि टोचूही.

"बाई, टोचूचं नाव झालंय आता," कोल्हेसर म्हणाले. "गुरुजी त्याला घेतील. तिकडे जा."

"नियमाने निवड माझी ना?"

"हो, तुमचीच."

"मग मी ही निवडली."

"अहो, पण ही बंद पडलीय!"

"असू दे," साळूबाई म्हणाली. "तुम्ही उद्या या. आणि सर, आमच्या ह्यांनाही बसू द्याल का? त्यांचंही शिकायचं राहिलंय."

काटेराव लाजला. कोल्हेसरांनी सरकून त्याला सावलीत जागा करून दिली.

तात्पर्य: बाळांनो, आईबाबांना सांगा, शाळा निवडताना शर्यतीत पहिलं कोण आलं तेवढंच पाहावं. वाटेत फास कुठे आहेत, असलं काही शिकवणाऱ्या शाळेच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. तिथली मुलं दुसऱ्यांना सोडवत बसतात आणि त्यांचे नंबर खाली येतात.