ईडां सल्लागार मंडळातील एक रिक्त जागा

ज्या माणसाने जन्मात कधी अंडं फोडलेलं नाही, त्याच्याच मताला अंड्याच्या बाबतीत काही वजन असतं. हे तत्त्व जगाला अजून नीट कळलेलं नाही. नवसारीच्या आमच्या पारशी मोहल्ल्यात मात्र त्यावर एक संस्था उभी आहे. नाव 'ईडां सल्लागार मंडळ'. ईडां म्हणजे अंडी. कचेरी एरचशांच्या ओट्यावर, सभा रोज सकाळी. सभासद सगळे पुरुष, सगळे निवृत्त आणि सगळ्यांची न्याहारी बायकोच्या हातची. अध्यक्ष एरचशा, कापडगिरणीतले माजी विव्हिंग मास्तर. उपाध्यक्ष केकी भरुचा (दुसरं कुठलं पद त्याला पेलत नाही). सभासद मिनोचेर, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. आणि चिटणीस मी, आठल्ये. बँकेच्या बदलीवर आलो तो इथेच मुरलो. मी अंडं खात नाही. त्यामुळे माझं मत निःपक्षपाती असणार, असं ठरून माझी बिनविरोध निवड झाली.

आता मंडळाच्या कार्याविषयी. इथे अंडं एकटं खात नाहीत, ते कशावर तरी फोडतात. काल रात्रीची भेंडी उरली? टाक कढईत, फोड वर अंडी, घाल झाकण. टोमॅटो, मेथी, बटाटा, साय, पिकलेलं केळं, काहीही चालतं. गेल्या पाहणीनुसार मोहल्ल्यात ज्यावर अद्याप अंडं फोडलेलं नाही अशा वस्तू तीनच निघाल्या: साबण, एरचशांची टोपी आणि मिनोचेरची थोरली बहीण खोरशेद. (पाहणी मीच केली, ओट्यावरून न उठता.) ही अंडी बायका करतात आणि मंडळ त्यावर अभिप्राय देतं. बलक जास्त धरला, कोथिंबीर लवकर पडली, झाकण उशिरा निघालं, वगैरे. मंडळाच्या स्थापनेपासून आजवर एकही अंडं संपूर्ण निर्दोष आढळलेलं नाही, यावरून आमची कसोटी किती कडक आहे ते ध्यानात यावं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मिनोचेरची बायको गुलू उंबऱ्यावर चॉकची नक्षी उमटवताना पाय घसरून पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मंडळाने तातडीने दुखवट्याचा ठराव मंजूर करून मिनोचेरच्या हाती दिला. ठरावात गुलूचा उल्लेख राहून गेला, पण मिनोचेरच्या न्याहारीबद्दल मात्र मनापासून हळहळ व्यक्त केली होती.

दोन दिवस मिनोचेरने बेकरीचे पाव चहात बुडवून काढले. तिसऱ्या दिवशी गुलूने त्याला समोर बसवलं.

"मिनू, चाळीस वर्षं माझ्या अंड्यांना नावं ठेवलीस. आता रविवारी सकाळी तुझ्या हातची ईडां माझ्या ताटात पाहिजेत. नाहीतर भरुचला फोन करते आणि तिथून तुझ्या बहिणीला, खोरशेदला बोलावते."

"खोरशेदला? अगं, तुलाही जाच होईल तिचा!"

"होऊ दे. मी खोलीत पडून राहीन, हात मोडलाय माझा. तू कुठे पळशील, मेल्या?"

खोरशेद मागे आठ दिवसांसाठी आली होती, ती आंब्याचे दोन मोसम गेले तरी हलली नाही. त्या काळात घरात तळण बंद, ब्रँडी बंद आणि कुरकुरतो म्हणून झोपाळा बंद. मिनोचेरला रोज सकाळी बिनमिठाचा उकडलेला दुधी मिळे आणि तो संपेपर्यंत ती समोर उभी राही. गुलूची ताकीद घेऊन तो ओट्यावर आला तेव्हा त्याचा चेहरा त्या दुधीसारखाच झाला होता.

"बावा, वाचवा," तो म्हणाला. "अंडं कसं करतात?"

एवढा थेट प्रश्न मंडळापुढे कधीच आला नव्हता.  एरचशांनी सांगितलं की अशा प्रश्नाला उत्तर देणं बेजबाबदारपणाचं ठरेल, आधी अभ्यास हवा. त्यानुसार दोन उपसमित्या नेमल्या. अंड्याखाली काय असावं हे ठरवायला आधार उपसमिती, आणि दुसरी झाकण उपसमिती. दोन्हींवर एरचशा आणि केकी होते. चिटणीस म्हणून मी होतोच.

आधार उपसमितीत भेंडी की टोमॅटो यावर दोन तट पडले. एकमत होईपर्यंत कोणी काही विकत आणू नये, असा स्थगिती आदेश मीच काढला. झाकण उपसमिती पाण्यावर अडली. झाकणावर थोडं पाणी ओतलं की आत वाफ धरते आणि अंडं वरूनही शिजतं, हे एरचशांचं म्हणणं.

"झाकणावर पाणी उतावळे लोक ओततात," केकी म्हणाला.

"तू कधी ओतलंयस?"

"छे! तुम्ही?"

"मी कशाला ओतू? मी मास्तर होतो!"

इथे चर्चेची पातळी फारच वर गेली आणि सभा तहकूब झाली.

रविवारी सकाळी पाहणीसाठी आख्खं मंडळ मिनोचेरच्या ओट्यावर जमलं. त्याने आमच्यासाठी बटाट्याचे वेफर्स मागवले होते. पुडा केकीच्या मांडीवर होता. चर्चा रंगात आली, भेंडीचं पारडं जड होऊ लागलं, तोच आतून गुलूचा आवाज आला.

"मिनू! पोटात कावळे ओरडतायत! तुम्हा लोकांपेक्षा कोंबडी बरी, सभा न भरवता अंडं घालते! करू का भरुचला फोन?"

मिनोचेर उठला. अध्यक्षांची परवानगी न घेता उठला. (ही नोंद मी त्याच वेळी करून ठेवली.) आत गेला आणि लगेच परत बाहेर आला, कारण आमच्या स्थगिती आदेशामुळे घरात ना भेंडी होती ना टोमॅटो. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि केकीच्या मांडीवरचा पुडा उचलला.

"अरे, माझे वेफर्स!"

"गप रे, बावा! माझ्या घरात दुधी शिजायची वेळ आलीय!"

पुढचं सगळं आम्ही खिडकीतून पाहिलं. पहिलं अंडं जमिनीवर पडलं. सुरी सापडेना म्हणून त्याने मिरची हातानेच तोडली. कढईत तूप सोडून मिरची परतली, वेफर्स चुरून पसरले आणि पाण्याचा हबका मारला. मग वर अंडी फोडली. एकाचा बलक फुटला. त्याने झाकण ठेवलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि झाकणावर पाणी ओतलं. एरचशांनी केकीला कोपराने ढोसलं. गुलू खुर्चीत बसून सगळं पाहत होती, पण मदतीचा एक शब्द तिने काढला नाही.

तिने डाव्या हाताने खायला सुरुवात केली. मिनोचेर फडकं पिळत उभा होता.

"मीठ?" त्याने विचारलं.

"वेफर्सना आहे की."

"बलक जास्त धरला का?"

"खाऊ देशील का मला?"

तिने पावाने ताट पुसून घेतलं. "खोरशेदला यायची गरज नाही," ती म्हणाली. "आणि उद्या भेंडीवर कर."

मिनोचेरच्या डोळ्यांत पाणी आलं. (मिरचीचा हात लागला, असं तो सांगतो.) मग कढईत उरलेलं अंडं त्याने उभ्यानेच खाल्लं, खिडकीशी आला आणि म्हणाला, "आठल्ये, खरं सांगू? गुलूची अंडी फार चांगली असायची रे. आपण उगाच बोलत होतो."

हे उद्गार ऐकून मंडळ सुन्न झालं. त्याच दिवशी ठराव होऊन मिनोचेरचं सभासदत्व रद्द करण्यात आलं. कारण उघड आहे. जो स्वतः करतो, त्याला करणाऱ्याची कीव येऊ लागते, आणि असा माणूस परीक्षक म्हणून कुचकामी ठरतो. ठरावाची प्रत त्याला दिली तेव्हा तो कांदा चिरत होता. त्याने ती सालींखाली पसरली.

आता गुलूचं प्लास्टर निघालंय, तरी तो रोज सकाळी स्वयंपाकघरातच असतो. ती शेजारी बसून नावं ठेवते. दोघं मोठमोठ्याने हसतात आणि तुपाचा वास ओट्यापर्यंत येतो. एका चांगल्या माणसाचं असं मातेरं झालेलं पाहून आम्हाला फार वाईट वाटतं.

तर मंडळात एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही. तुम्ही हे सगळं बसल्या जागी वाचलंत, वेफर्सवर अंडं फोडल्यावर मनातल्या मनात नाक मुरडलंत, आणि आतून "जरा इकडे येता का" अशी दोनदा आलेली हाक ऐकून न ऐकल्यासारखी केलीत. तुमची एकमताने निवड झालेली आहे. सभा उद्या सकाळी. न्याहारी घरून खाऊन या. ती कोणी केली, हे विचारण्याची आमच्यात पद्धत नाही.