पिवळ्या चिमट्याच्या आभाळाची बखर

श्री. वाऱ्यास नमन, माळास नमन, आणि वर गेलेले सुखरूप खाली आणतो त्या गजाननास त्रिवार नमन. शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, गावाबाहेरील माळावर विमानी दौलत नांदत होती, तिची ही हकिकत. दौलत म्हणावी तर पत्र्याची एक शेड, दोन बाक आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठीस बांधलेले जुने धोतर. परंतु दर रविवारी सूर्योदयी सरदार मंडळी आपण घडविलेली विमाने काखोटीस मारून येत, आणि इंजिनात स्पिरिट व एरंडेल घालून बोटाने पंखा फिरवीत, आणि बोट सोलून निघाले तरी हसत. मग हातातील रेडिओच्या पेटीने जमिनीवर उभे राहून आभाळात स्वारी करीत, ऐसा अजब कारभार. एरंडेलाच्या धुराचा वास ज्यास अत्तराहून प्रिय, तोच येथील मानकरी.

ह्या दौलतीत राजश्री भगवंतराव नाफडे, पोस्टातील बाबू, आणि राजश्री तुकोजीराव शेलार, सायकलींचे दुकानदार, हे दोघे मातब्बर. दोघांच्या पेट्या दैवयोगे एकाच लहरीच्या, इंग्रजीत जीस फ्रिक्वेन्सी म्हणतात तिच्या, निघाल्या. एका लहरीवर दोन पेट्या एकदम चालू जाहल्या तर हुकूम कोणाचा मानावा हे विमानास कळेना, आणि ते बेभान होऊन खाली येई. यास्तव शेडीत एक फळी होती आणि फळीवर प्रत्येक लहरीचा कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा. ज्याने चिमटा सदऱ्यास लावला त्याचे आभाळ, इतरांनी पेटीस हात लावू नये. पिवळा चिमटा ह्या दोघांत मिळून एक.

मग एके रविवारी काय वर्तले? भगवंतराव नवे विमान घेऊन आले, नवरीसारखे नटविलेले, आणि त्याची शेपटी कैशी हलते हे मंडळीस दाखवावे ह्या भरात चिमट्याचे भान राहिले नाही आणि पेटी चालू केली. वरती तुकोजीरावांचा 'गरुड' डौलात फिरत होता, तो एकाएकी उलटला आणि थेट बाभळीत येऊन पडला. मोठाच अनर्थ जाहला. भगवंतरावांचे तोंड पांढरेफटक पडले. तुकोजीरावांनी काट्यांतून काडी न् काडी वेचून टॉवेलात बांधली आणि जवळ येऊन इतकेच बोलले, "चिमटा विसरलात, बाबू. उद्यापासून दुकानी यायचं." दौलतीचा कायदाच तैसा होता, की ज्याने पाडिले त्याने आपल्या हाताने उभारावे. तेव्हा भगवंतराव रोज पोस्ट सुटताच दुकानी जात, आणि पंक्चरच्या घमेल्याशेजारी बसून हलक्या लाकडाच्या पट्ट्या घाशीत, आणि बोलणी खात, आणि चहा पीत. गरुड उभा राहिला, अहोजाहो सरून अरेतुरे आले, तरी दुकानी जाणे सुटले नाही. पुढे एकाने दुसऱ्या लहरीचा सुटा भाग आणून देतो, म्हणजे दोघांस एकदम उडविता येईल, ऐसे सुचविले. तुकोजीराव म्हणाले, "मग ह्याचं विमान बघायचं कुणी?" ते प्रकरण तेथेच मिटले. एक उडवी आणि दुसरा शेजारी मान वर करून पाही, वारा सांगे, प्रसंगी शिव्याही देई, आणि विमान उतरताच पहिला पेटी बंद करून चिमटा दुसऱ्याच्या हाती देई आणि म्हणे, "घे, आभाळ तुझं." काय ते रविवार होते!

मग काळ फिरला. आपली लहर आपण शोधणाऱ्या पेट्या आल्या आणि चिमट्यांचा अंमल उठला. विजेवर उडणारी तयार विमाने आली, त्यांस धूर नाही की वास नाही. आणि शोभननाम संवत्सरी तुकोजीरावांस देवाज्ञा जाहली. त्यांच्या लेकाने गरुड आणून भगवंतरावांच्या हवाली केला. उडवावा तर हात कापे, नजर अधू, आणि पडला तर संगे बसून उभारणारा कोणी उरला नाही. हा पडला तर तुकोजी दुसऱ्यांदा जाईल, ही धास्ती. न उडवावा, तर विमान टांगून ठेवणे म्हणजे घोडा बांधून मारणे, हे तुकोजीरावांचेच वचन.

अखेर वर्षाने एका रविवारी भगवंतराव गरुड आणि जुनी पेटी घेऊन माळावर दाखल जाहले आणि आधी फळीकडे गेले. पिवळा चिमटा तेथे एकटाच लटकत होता. तरुण मंडळी आदबीने म्हणाली की काका, ह्या लहरीवर आता तुमच्यावाचून कोणी नाही, चिमटा कशाला? रावांनी चिमटा सदऱ्यास लाविला, बोटाने पंखा फिरविला, बोट सोलले. मग एरंडेलाचा धूर उठला आणि गरुड वर गेला, आणि रावांचा हात कापावयाचे विसरला. दोन घिरट्या, एक कोलांटी, आणि उतरतेवेळी वारा आडवा आला तेव्हा उजवीकडून शिवी ऐकू येईल म्हणून राव क्षणभर थांबले. आली नाही. मग स्वतःच स्वतःस शिवी दिली आणि गरुड गवतावर अलगद टेकविला. काडी हलली नाही.

सवयीने पेटी बंद केली, चिमटा काढिला, उजवीकडे हात केला आणि म्हणाले, "घे, आभाळ तुझं." तेथे कोणी नव्हते. तेव्हा रावांनी चिमटा बाकावर तुकोजीरावांच्या जागी ठेविला आणि शेजारी बसले, आणि एक टाकी तेल जळावयास जितका वेळ लागतो तितका वेळ मान वर करून रिकाम्या आभाळाकडे पाहात राहिले. तुकोजीरावांची पाळी संपली, मग घरी गेले.

येणेप्रमाणे पिवळ्या चिमट्याचे राज्य जाहले. एका आभाळाचे दोन धनी होते आणि वाटणी कोणी मागितली नाही. येथे लेखणी उतरली.