बाबांचे बहात्तर ठोके

आई जाण्याच्या आदल्या दिवशी घरात भांडण झालं ते पडद्यांवरून. आई आणि लेक शिंप्याकडून नवे पडदे घेऊन आल्या. रंग बघून बाबा म्हणाले, "हा रंग बघून उजेडसुद्धा दारातून परत जाईल."

"तुम्हाला सगळं भिंगातून बघायची सवय," आई म्हणाली. "जरा लांबून बघा."

एवढंच. मात्र त्याआधी वर येताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर, आई धाप लागून पडदे मांडीवर घेऊन पाचेक मिनिटं बसली होती. "यांना सांगू नकोस हं. उगाच घर डोक्यावर घेतील." लेकीने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. आता सांगून काय उपयोग, अशी तिने मनाची समजूत घातली, आणि ती समजूत त्या दिवसापासून तिला झोपू देत नव्हती.

दीड वर्षाने बाबांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. "ठोके एकशे दहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. छातीत दुखलं की जागच्या जागी थांबायचं."

लेकीने त्याच संध्याकाळी मनगटावर बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा आणला. बाबांचे ठोके तिच्या फोनवर दिसत. एकशे दहा ओलांडले की फोन कोकलायचा.

बाबा घड्याळजी, घराजवळच त्यांचं दुरुस्तीचं दुकान. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. "याला काटे कुठे आहेत?"

"नसतात बाबा."

"मग हे घड्याळ नव्हे. चहाडखोर आहे."

लेक ग्रंथालयात होती. वाचनालयाच्या भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी तिनेच रंगवून लावलेली. पहिल्याच दिवशी त्या पाटीखाली तिचा फोन कोकलला. एकशे चौदा. रोज पेपर वाचायला येणाऱ्या निवृत्त मास्तरांनी मान वर केली, पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती फोन घेऊन कपाटांमागे पळाली.

"बाबा, काय करताय?"

"आत्तापर्यंत चिमट्यात स्प्रिंग धरून बसलो होतो. तुझी घंटा वाजली आणि ती उडाली. आता टेबलाखाली आहे."

"स्प्रिंग?"

"मी."

टेबलाखाली वाकल्यामुळे ठोके वाढले, म्हणून तिने पुन्हा फोन केला. फोन घ्यायला उठताना बाबांचं डोकं टेबलावर आपटलं. ठोके आणखी वाढले. त्या आठवड्यात अकरा वेळा हेच झालं. तीन स्प्रिंगा कायमच्या हरवल्या आणि मास्तरांनी सूचना-वहीत लिहिलं, 'ग्रंथपालबाईंना शांततेची गरज आहे.'

पुढच्या सोमवारपासून मात्र चमत्कार झाला. ठोके बहात्तर. अकरा वाजता बाबांची चालायची वेळ, तेव्हाही बहात्तर. पावलं मात्र हजारोंनी. लेकीने तीन आठवड्यांचा आलेख डॉक्टरांना दाखवला. ते चष्मा काढून म्हणाले, "असा माझासुद्धा नाही." ती दीड वर्षात पहिल्यांदा रात्रभर झोपली.

आणि एका बुधवारी, सव्वाअकराला, बहात्तर गेले आणि त्या जागी दोन आडव्या रेघा आल्या.

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग हातातली पुस्तकं तिने मास्तरांच्या पेपरवर ठेवली. "जरा बघा," म्हणाली आणि निघाली. काय बघायचं, ते मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत अंधार, सगळ्या गल्लीतली वीज गेली होती. ती वाकून आत शिरली. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारी घड्याळं तपासायला बाबांकडे एक गोल फिरणारं यंत्र होतं. घड्याळ त्यातल्या कातडी उशीवर बांधायचं, म्हणजे त्याला वाटतं आपण कुणाच्या तरी हातावर आहोत. यंत्र विजेअभावी थांबलं होतं. त्यात दोन जुनी घड्याळं होती, आणि मधोमध पट्टा; यंत्राच्या फिरण्यालाच तो ठोके आणि पावलं समजत आला होता. खणात बाबांचा फोन घरघरत होता.

तीन आठवडे ती एका उशीच्या तब्येतीवर खूश होती.

हसावं, संतापावं, की आधी बाबांना शोधावं? शेजारचा चावीवाला म्हणाला, "फिरायला गेलेत. रोज जातात. पण आज वेळ झाला खरा."

ती घराकडे पळाली. पहिला मजला. दुसरा मजला. आणि वरून तिसऱ्या पायरीवर बाबा बसले होते, डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून.

"बाबा."

ती आणखी दोन पायऱ्या चढली.

"बाबा, ऐकताय ना?"

"शू." डोळे मिटलेलेच. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर होती आणि मांडीवर जुनं खिशातलं घड्याळ उघडं; त्याच्या टिकटिकीवर ते मोजत होते. "एकोणऐंशी, ऐंशी... घालवलंस. आता पहिल्यापासून."

"तुम्ही पट्टा उशीला बांधला?"

"तुझा फोन आला की माझे ठोके वाढायचे. तुझ्यासाठी एक शांत माणूस हवा होता, तो बसवला." त्यांनी खिशातून वही काढली. तारीख, वेळ, ठोके. रोजचे, बारीक सुवाच्य अक्षरात. सगळ्यात मोठा आकडा एकशे तीन. "पन्नास वर्षं टिकटिक ऐकतोय. माझी मला ऐकू येत नाही होय? आज पाय दुखले म्हणून हळू आलो. बस. हात दे."

ती बसली. त्यांनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. मिनिट सरलं.

"एकशे अठ्ठेचाळीस," बाबा म्हणाले. "अगं सेकंदकाट्या, तो पट्टा चुकीच्या मनगटावर बांधलास तू. कसली गं एवढी धास्ती? मी रोज इथे बसतो, मग उरलेल्या पायऱ्या चढतो. बरी पायरी आहे ही."

तिने हात सोडवून घेतला नाही.

"आई इथेच बसली होती, बाबा," ती म्हणाली. "आदल्या दिवशी. तुम्हाला सांगू नको म्हणाली, आणि मी सांगितलं नाही."