तळ दिसणारे तळे

एका जंगलात, मुलांनो, एक तळे होते. दिवस साधाच होता. भिवरी बेडकीण अंड्यांवर पडलेली वाळकी पाने बाजूला करत होती. तेवढ्यात कावळा ओरडत आला.

"ऐकलंत का! सगळ्यात निर्मळ तळं म्हणून आपल्या तळ्याला पहिलं बक्षीस! फक्त शेवटची पाहणी राहिलीय. आठ दिवसांनी समारंभ!"

भिवरीने मान हलवली आणि पुढचे पान उचलले. गेल्या दोन्ही वर्षी तिची अंडी पांढरी पडली होती. एकही पिल्लू बाहेर आले नव्हते.

त्याचे असे झाले होते. टेकडीपलीकडे कोल्ह्याची कोळशाची भट्टी होती. धुराने प्राणी खोकत. तक्रार झाली, तेव्हा कोल्ह्याने धुराडे उंच केले. खोकला थांबला. धूर ढगांत गेला आणि पावसाबरोबर आंबट होऊन खाली आला. आधी मातीने तो आंबटपणा पोटात घेतला. मातीतला चुना संपला, तेव्हा तो तळ्यात उतरला. शेवाळ गेले, मासे गेले. पाणी मात्र काचेसारखे झाले.

त्या जंगलात पाण्याची चव कुणी घेत नसे. बगळेसाहेब काठावर एका पायावर उभे राहत आणि तळाचे खडे मोजत. जितके खडे दिसतील तितके गुण.

खेकडेतात्यांची पाठ भिजल्या पापडासारखी मऊ झाली होती. ते डोंगरातून टोपलीभर चुनखडी घेऊन आले.

"भिवरे, ही कुटून पाण्यात टाकली की आंबटपणा मरतो. आजच टाकू."

"थांबा!" बगळेसाहेब धावत आले. "पाणी पांढरं होईल. खडे कसे दिसणार?"

"चार दिवसांत निवळेल, साहेब," भिवरी म्हणाली. "अंडी थांबणार नाहीत."

"समारंभ होऊ दे, भिवरीबाई. मग टाका की हवी तेवढी!"

"साहेब, एक विचारू?" तात्या म्हणाले. "तुम्ही हल्ली जेवता कुठं?"

"खालच्या तळ्यावर. इथं काय मिळतंय?"

"आणि ते पाणी कसं आहे?"

"शी! गढूळ."

टोपली काठावरच राहिली. आठ दिवस गेले. तळ्याला तोरण बांधले. बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले आणि मोजू लागले. मोजता मोजता त्यांचा चेहरा खुलला.

"गेल्या खेपेपेक्षा चाळीस जास्त! काठाजवळचे हे पांढरे खडे नवीनच दिसतात."

टाळ्या पडल्या.

"ते खडे नाहीत, साहेब," भिवरी म्हणाली.

बगळेसाहेबांनी वाकून पाहिले. मग त्यांनी दुसरा पाय खाली टेकवला.

"वाईट झालं," ते हळूच म्हणाले. "पण आकडा जाहीर झालाय, भिवरीबाई. आता कमी कसा करणार?"

बक्षिसाचा दगड काठावर बसवला. सगळे घरी गेले. भिवरी राहिली.

तात्पर्य : मुलांनो, पाणी नेहमी काठावरून पाहावे. तळ दिसला की टाळी वाजवावी. आत कोण राहत होते, हे विचारू नये. मोजणीत घोळ होतो.

चुनखडीची टोपली त्या दगडाशेजारीच आहे. ती अजून कुणी पाण्यात रिकामी केलेली नाही.