कालचं तिकीट आज चालत न्हाई

सकाळी चहाचा कप ओठाला लागला रे लागला की माझ्या खिडकीत टक्‌टक्‌ सुरू होते. शेजारचे कंडक्टरमामा. एसटीतून रिटायर होऊन वर्षं झाली, पण तिकिटं पंच करायचा चिमटा काही हातातून सुटत नाही. "चला सर, गाडी उभी हाय!"

गाडी म्हणजे त्यांचा जुनाट कॉम्प्युटर. पोरगी सुजाता लग्न होऊन बंगळूरला गेली, तेव्हा त्याला पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स नावाची हलकी सिस्टीम लावून गेली. तिनं कधीही व्हिडिओ कॉल केला तर बापाचं तोंड दिसावं, एवढ्यासाठी. वायफाय माझ्या घरातलं, भिंतीपलीकडून घ्यायचं. ते रोज सकाळी मी जोडून द्यायचं. रोज का? तर हे लिनक्स बंद होताना विचारतं, 'आजचं जतन करू का?' एकदा 'हो' म्हटलं की वायफाय दुसऱ्या दिवशी आपोआप लागतं. मामा 'नाही' दाबतात. रोज. ठासून.

"अहो मामा, एकदा हो म्हणा की! लय जीव खायलाय हा कॉम्प्युटर माझा."

"कालचं तिकीट आज चालत न्हाई, सर. नवी फेरी, नवं तिकीट."

आता वायफायला कसली आलीय फेरी! बोरीच्या शाळेत मी पोरांना कॉम्प्युटर शिकवतो, पण या माणसापुढं हात टेकले. पासवर्ड कागदावर लिहून दिला, तर म्हणे चष्मा सापडत नाही. चष्मा कपाळावर!

काल शाळेची घाई होती, माझं डोकंच फिरलं. "आज मीच बंद करून जतन करतो," म्हणून माऊस धरला, तर मामांनी माझं मनगट गच्च पकडलं.

"नका सर. तिचं पुसून जाईल."

"कुणाचं? काय?"

त्यांनी पडद्याकडं बोट केलं. कॉम्प्युटर चालू झाला की तिथं एक ओळ दिसते. मी ती रोज बघत होतो, नीट वाचली कधीच नव्हती. 'अण्णा, बीपीची गोळी घेतली का?' सुजातानं लिहून ठेवलेली.

"फोन कमी झालाय तिचा. नोकरी हाय, संसार हाय, येळ न्हाई मिळत. पन हितं रोज इचारती. तुमी नवं जतन केलं आन् हेच गेलं तर?"

नव्यानं जुनं पुसत नाही, हे मी परोपरीनं समजावलं. मामांनी मान डोलावली. "आसंल. तुमाला जास्त कळतं. पन राहू द्या."

आज सकाळी पुन्हा टक्‌टक्‌. चरफडत चहा ठेवला, गेलो. जाता जाता विचारलं, "मामा, गोळी घेतली का?"

"थांबा की सर! तिला इचारू तर द्या," मामा म्हणाले, आणि गोळी तळहातावर धरून कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत बसले.