गलत्याच्या घाटीतली शिट्टी

दमा कसा सांभाळायचा, हे मला कोणी शिकवू नये! माझ्या बापाला दमा, चुलत्याला दमा आणि नात प्रभा, तिलाही दमा. घरात मला तेवढा नाही. जिना चढताना मी मधे थांबतो, पण ते वयामुळे.

एकसष्ट सालच्या थंडीत प्रभाच्या कॉलेजातली आठ मुलं-मुली गुलमर्गला बर्फावर घसरायला शिकणार होती. स्कीइंग म्हणतात त्याला. प्रभाचं नाव यादीत आलं आणि आमच्या आदर्श नगरच्या घरात सुतक पडलं!

"नऊ हजार फुटांवर? तिथं धडधाकट माणसाला धाप लागते!" माझी सून सुनंदा हटून बसली.

प्रभानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. शेवटी श्रीधर डॉक्टरांनी तोड काढली. "रविवारी सकाळी गावाबाहेरच्या डोंगरातली गलत्याची घाटी चढून दाखव. मी वर सूर्यमंदिरापाशी थांबतो. वाटेत छातीत शिट्टी वाजली, तर गुलमर्ग रद्द. कोंडिबा, तुम्ही बरोबर जा. आणि खरं ते सांगायचं!"

डॉक्टरांचे पाच नियम मी स्वतःच्या हातानं, वर 'प्रभा' असं नाव घालून, कागदावर उतरवले. साठीनंतर प्रभाच्याच पाटीवर गिरवलेली अक्षरं, एकेक अंड्याएवढं! निघण्याआधी गोळी. सावकाश चाल. नाकावर मफलर. शिट्टी वाजली की थांबणे. औषध अंगाशी, आतल्या खिशात. आता त्या खिशात कागदच कसाबसा मावला, म्हणून गोळ्यांची डबी मी शेंगदाण्यांच्या थैलीत टाकली.

रविवारी थंडी अशी की नाक जागेवर आहे की नाही, हे चाचपून बघावं लागत होतं. मी कानटोपी घातली, वरून मफलर करकचून बांधला.

अर्ध्या घाटीत ती ऐकू आली. सुंऽऽई!

"प्रभे, थांब! वाजली!"

"काय वाजली? मतलब, मी एकदम ठीक आहे, आजोबा."

थांबलो, की आवाज बारीक व्हायचा. चाललो, की पुन्हा सुंऽऽई! तीनदा थांबवलं पोरीला. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरून आले.

"आईनं शिकवून पाठवलंय ना तुम्हाला?"

खरं सांगावं, तर पोरीचं गुलमर्ग बुडतं. लपवावं, तर तिकडे बर्फात तिचा श्वास अडकला तर?

"आणखी अर्धी गोळी घे," म्हणून मी थैली उघडली, आणि गलत्याच्या माकडानं ती हातातून ओढून नेली! शेंगदाणे गेले, डबी गेली!

"थांबा, मी आणते!"

"पळू नकोस! छाती फुटेल!"

ऐकते कुठली! चाळीस पायऱ्या ती हरणासारखी चढली. माकड कठड्यावर, ती खाली. मी डोळे मिटून घेतले. सुंऽऽई! सुंऽऽई! पोरीची शिट्टी आता थेट माझ्या कानात वाजत होती.

पण पोरगी तर चाळीस पायऱ्या वर होती!

मागे वळून बघितलं. एक चणेवाला तेवढा होता. "बाबा, बैठ जाओ," तो घाबरून म्हणाला, "आपकी छाती से सीटी आ रही है!"

मी बसलो नाही. कोसळलो! छातीवर जणू कोणी जातं ठेवलं होतं. डोळ्यांपुढे अंधारी. हाक मारायला तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी शिट्टीच बाहेर पडली.

चणेवाला ओरडत वर धावला. प्रभानं त्याचे मूठभर चणे माकडापुढे उधळले, पडलेली थैली उचलली आणि धावत खाली आली. मला भिंतीला टेकवून बसवलं, गोळी दिली, नाकावर मफलर ओढला. मी उठायला लागलो, तशी तिनं माझ्याच खिशातून कागद काढून दरडावलं, "शिट्टी वाजली की थांबणे! वाचता येतं ना?"

चणेवाल्याची ओरड ऐकून श्रीधर डॉक्टर धावत खाली उतरले. प्रभाच्या छातीवर नळी ठेवली. "स्वच्छ! एवढं पळूनसुद्धा!" मग माझ्या छातीवर ठेवली, आणि बराच वेळ उचललीच नाही.

"किती वर्षं लपवलंत, कोंडिबा?"

"ते... वयामुळे."

मी तिला तीनदा थांबवल्याचं प्रभानं सांगितलं, तसे डॉक्टर म्हणाले, "कानटोपीनं कान बंद केले, की माणसाला स्वतःचीच छाती ऐकू येते. प्रभा, तू जा. सामान बांध. कोंडिबा, तुम्ही या थंडीत फाटकाच्या बाहेर पडायचं नाही!"

पोरगी गुलमर्गला गेली. बर्फावर चौदा वेळा पडली, पण शिट्टी एकदाही वाजली नाही, असं तिनं पत्रात लिहिलं.

जाण्याआधी तिनं माझा तो नियमांचा कागद माझ्याच उशाशी खिळ्याला लावून ठेवला होता. वरचं 'प्रभा' खोडून 'आजोबा' केलेलं. आणि खाली, माझ्याएवढ्याच मोठ्या अक्षरात, सहावा नियम: आधी टोपी काढून ऐकणे.